तिसरा गिलास

टाक्याचं पाणी लाल झालं हे घरात सगळ्यांत आधी मनकर्णेला कळलं, आणि तिनं ते कोणालाच सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? आठ दिवसांपूर्वी नव्या बोअरच्या पाण्याचा चहा केला तर तो शाईसारखा काळाभोर झाला होता. तिनं कप नवऱ्यापुढं धरला. "पाहा बरं, हे पाणी बराबर नाही वाटत मले." मार्तंडनं कपात डोकावलं आणि हसला. "पत्ती जास्त पडली तुह्या हातून." दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यातला भात पिवळट निघाला, तर म्हणे तांदूळ जुना. बावीस वर्षांच्या संसारात मनकर्णा एक गोष्ट पक्की शिकली होती. लोणाऱ्यांच्या घरात बाईनं आधी सांगितलं तर ती काळ्या जिभेची, आणि नंतर सांगितलं तर आधी काहून नाही सांगितलं. म्हणून वैशाखी पुनवेच्या सकाळी साडेसहाला ती टाक्याच्या काठावर नुसती उभी राहिली, हातात खिरीच्या दुधाचं पातेलं घेऊन.

हे टाकं म्हणजे काय प्रकरण होतं, ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. हिंगण्याला कारखान्यांच्या शेडा बांधून बांधून मार्तंडनं रोडच्या कडेला स्वतःचं घर बांधलं, आणि आता घरामागं पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद, गळ्याइतकं खोल असं पोहायचं टाकं. पांढऱ्या टाइल, उतरायला सहा पायऱ्या, धरायला पाइपाचा कठडा. तो त्याला टँक म्हणायचा. त्याची बी.एस्सी.ला असलेली पोरगी विशाखा स्विमिंग पूल म्हणायची. मोहल्ला 'लोणाऱ्याचं खूळ' म्हणायचा. घरात पोहता एकालाही येत नव्हतं! टाकं बांधलं होतं ते एका म्हाताऱ्यासाठी.

मार्तंडचे वडील नत्थूजी नऊ वर्षांचे असताना, अशाच उन्हाळ्यात, गावच्या मोठ्या विहिरीच्या पायऱ्या उतरले होते आणि त्यांनी पाण्यात पाय सोडले होते. प्यालेसुद्धा नव्हते, नुसते पाय. पोट्ट्यानं पाणी बाटवलं म्हणून गावानं सात दिवस ती विहीर उपसली, आणि त्यांच्या बापाला लिंबाला बांधून असा मारला की तो पुढं कधी सरळ चालला नाही. छप्पन साली नत्थूजींनी पांढरं धोतर नेसून दीक्षा घेतली, देव सोडले, गाव तर केव्हाच सोडलं होतं. पण पाण्यात ते त्यानंतरही कधी उतरले नाहीत. नदी नाही, तळं नाही. अंघोळ बादलीनं. यंदा मार्च महिन्यात डॉक्टरांनी मार्तंडला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलं आहे, पावसाळा पाहतील असं वाटत नाही. मार्तंडनं घरी येऊन बापाला विचारलं, "बाबा, मनात काही असंन तं सांगा." म्हातारा म्हणाला, "एक डाव गळ्यालोक पान्यात उभं राहावं वाटते गा. आपल्या."

त्या 'आपल्या'साठी दोन महिन्यांत टाकं उभं राहिलं. रात्री व्होल्टेज चांगलं असतं म्हणून टाकं भरायला काल रात्री दहाला मोटर लावली आणि पहाटे चारला बंद केली. तेव्हा विजेरीच्या उजेडात तळाची एकेक टाइल मोजता येत होती, मनकर्णेनं स्वतः पाहिलं होतं. दुपारी तीस माणसं जेवायला यायची होती, आणि ऊन कललं की पाच वाजता, सगळ्यांच्या देखत, नत्थूजी पाण्यात उतरायचे होते. आणि आता टाक्यात कोणी गेरू कालवल्यासारखं झालं होतं.

"सरक वं जराशीक," मागून आवाज आला. बळीराम होता. नत्थूजींचा थोरला. त्याच्या खांद्यावर ब्लीचिंग पावडरचं पोतं होतं, अर्धं रिकामं.

"भाऊजी, हे काय?"

"पावडर कमी पडली. घान वर येऊन राहिली, पाह्यलं ना? आख्खी टाकून देतो."

आणि मनकर्णेनं तोंड उघडायच्या आत त्यानं उरलेलं पोतं पाण्यात उलटं केलं. पांढरे ढग खाली गेले आणि जिथं गेले तिथं पाणी अजून लाल झालं.

बळीरामला हे कळेना. बापानं सोडलेल्या गावी तो परत गेला होता, आणि तीस वर्षं तिथं ग्रामपंचायतीत शिपाई होता. दर पावसाळ्यात गावच्या साऱ्या विहिरींत पावडर टाकायचं काम त्याचं. ती मोठी विहीरसुद्धा. 'ज्या विहिरीपायी माह्या आज्याची कंबर मोडली, तिच्यात दवाई माह्या हातानं पडते,' हे तो पंगतीत बसला की एकदा तरी सांगायचाच, आणि लोक ऐकून घ्यायचे. धाकट्या भावानं बापासाठी टाकं बांधलं. थोरल्यानं काय द्यावं? त्याच्याकडं होतं काय देण्यासारखं? म्हणून तो काल गावाहून येताना एस.टी.च्या टपावर पावडरचं पोतं घेऊन आला होता. पहाटे साडेपाचला उठून, कोणाला न सांगता, त्यानं अर्धं पोतं टाक्यात ओतलं. वाटलं, सकाळी सारे उठतील, पाणी काचेसारखं असंन, मग सांगू.

"पंचायतीच्या विहिरीले इतल्या पान्याले मूठभर पुरे," तो पुटपुटला. "आपल्या पान्याले कोनी नाव ठेवाले नोको म्हनून म्या..."

"किती टाकली?" मार्तंड मागच्या दारातून बनियनवर धावत आला होता. "दादा, किती टाकली तुनं?"

"आख्खी."

"आख्खं पोतं? अबे बह्याडा आहेस का तू? दोन महिने राबलो मी इथं उन्हात! दोन महिने! तुले कोनी सांगतलं होतं हात लावाले?"

थोरल्या भावाला बह्याडा म्हणणं या घरात आजवर झालं नव्हतं. बळीराम रिकामं पोतं घडी करायला लागला, नीट, चौकोनी, बाजारातून आणलेली साडी घडी करावी तसं.

"मले वाटलं..."

"तुले वाटलं! तुले काय वाटते त्याच्यानं पानी साफ होते का?"

"अवो," मनकर्णा म्हणाली, "त्यांच्यावर कायले ओरडता? चहा काळा झाला तवाच मी..."

"तू चूप राह्य!"

ती सरकून बळीरामच्या बाजूला उभी राहिली, आणि मार्तंडला ते दिसलं. मग त्यानं जे करायला नको तेच केलं. किराण्याच्या दुकानातून तुरटीचे खडे आणले, फोडून टाक्यात फेकले, आणि धोतर खोचून स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून खराट्यानं ढवळायला लागला. जे तळाशी बसत होतं तेही वर आलं. पांढऱ्या टाइलवर तपकिरी ओघळ उमटले. त्याच्या बनियनलाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. कामठीहून पहिल्या बसनं तुळसाबाई आली होती, नत्थूजींची मधली लेक. हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा, अंगावर पांढरं लुगडं. ती मागच्या अंगणात आली, टाक्याकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"अवं माय! पानी बाटलं काय वं!"

तिला फक्त पाणी नासलं असं म्हणायचं होतं. दूध नासतं, आंबट होतं, तसं. पण जिभेवर जुना शब्द बसलेला, तोच आला. निघाला आणि अंगणात सगळे जिथल्या तिथं थांबले. तुळसाबाईनं पदर तोंडात कोंबला. कारण मागच्या दारात, नवं पांढरं धोतर नेसून, चौकटीला धरून नत्थूजी उभे होते.

"बाबा, मी तसं नाई म्हनलं," ती म्हणाली. "मी आपलं... बाबा!"

नत्थूजी तिच्याकडं पाहतच नव्हते. ते पाण्याकडं पाहत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या पायांकडं पाहिलं.

कोणाला ठाऊक नव्हतं ते हे. पहाटे पाच वाजता, बळीराम उठायच्या आधी, नत्थूजी एकटेच इथं आले होते. धीर धरवला नाही म्हाताऱ्याला. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कोण थांबतं, सहासष्ट वर्षं थांबल्यावर? पहिल्या पायरीवर बसून त्यांनी हळूच पाय आत सोडले होते. पाणी घोट्यांवर चढलं. गार. कोणी ओरडलं नाही. ते तसेच बसून राहिले, बोटं हलवली, आणि एकटेच हसले. आपल्याला असं हसू येईल हे त्यांना माहीत नव्हतं. मग कोणी पाहू नये म्हणून उठून, पाय न पुसता, आपल्या बाजेवर जाऊन पडले. आणि आता दोन तासांनी पाणी हे असं.

"बाबा, काही नाही, अर्ध्या घंट्यात साफ करतो!" मार्तंड टाक्यातून ओरडला.

"हाव," नत्थूजी म्हणाले, आणि आत वळले.

विशाखानं त्यांचा हात धरला. बाजेपर्यंत नेलं, कूलर लावला, उशी सारखी केली. म्हाताऱ्याचा हात थंडगार होता.

"आबाजी, छातीत दुखून राहिलं का?"

"नाई."

"मंग?"

कूलरची घरघर. मग त्यांनी दाराकडं पाहून, कोणी नाही अशी खात्री करून, हळू विचारलं.

"विशाखा, माह्याच्यानं झालं का वं?"

"काय?"

"सकाळी पाय टाकले होते म्या."

तिला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला आजोबांचा राग आला, आत्याचा आला, त्या गावचा आला, आणि सगळ्यांत जास्त कशाचा आला ते तिला सांगता आलं नसतं. ज्या माणसानं तिला ती चार वर्षांची असताना बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, तो माणूस हे विचारत होता.

"आबाजी! तुम्ही असं बोलता?"

"मले समजते वं. डोक्यात समजते. सारं खोटं होतं, माहीत आहे मले." त्यांनी छातीवर हात ठेवला. "पन आत एक पोट्टं बसलं आहे नऊ वर्षांचं. ते आयकत नाई."

"त्याले मी ऐकवते. थांबा."

ती तरातरा गेली. बोअरची मोटर लावली, स्टीलच्या नाही, काचेच्या दोन गिलासांत ताजं पाणी भरलं, मोठेबाबांनी, म्हणजे बळीरामनं, घडी केलेलं पोतं झटकून चिमूटभर पावडर कागदावर घेतली आणि परत आली. स्टुलावर दोन्ही गिलास मांडले. दोन्ही स्वच्छ, आरपार बाजेचं खूर दिसेल असे.

"यात बोट बुडवा."

नत्थूजींनी बोट पुढं केलं आणि गिलासाच्या काठाशी ते थांबलं. विशाखानं सरळ त्यांचं बोट धरलं आणि पाण्यात बुडवलं. दोनदा ढवळलंसुद्धा.

"झालं काही?"

"नाई."

"आता याले आपण कोणीच हात लावायचा नाही. पाहा." तिनं दुसऱ्या गिलासात पावडर सोडली. पांढरी भुकटी खाली गेली, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर पाणी पिवळं झालं, मग तांबडं, मग टाक्यासारखं लाल. "पाह्यलं? जमिनीत लोखंड आहे, आबाजी. ते पाण्यात विरघळून येते, तवा दिसत नाही. मोठेबाबांनी पावडर टाकली, तिच्यानं ते गंजलं. बस. केमिस्ट्री आहे ही."

"गंजलं," नत्थूजी म्हणाले. तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकले होते. गंज त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. "म्हंजे हा जंग आहे?"

"जंगच."

म्हातारा उठून बसला. लाल गिलास उजेडात धरून पाहिला, मग नितळ. आणि हसला, पहाटेसारखा. "बाप्पा! आन मी काय बसलो होतो! हा लाल फेकून दे. हा माह्यावाला राहू दे इथंच."

त्यानंतर दुपारपर्यंत घरात जो येईल त्याला नत्थूजी तो गिलास दाखवत होते. इंदोऱ्याचे व्याही आले, विहारातले दोघं आले, कामठीची नातवंडं आली. "हे पाहा, यात मी बोट बुडवलं. सकाळी. झालं का काही?" माणसं गोंधळून म्हणायची, "नाही बा, काय होणार?" की ते खूश. व्याह्यांना वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. तुळसाबाई जवळ येऊन पायाशी बसली, तर तिच्या पाठीवर थाप मारली. "तू कायले रडतं वं? जंग आहे तो. विशाखाले विचार." दोन वाट्या खीर खाल्ली. मनकर्णेनं तिसरी वाढली तर ती अर्धी तिलाच खायला लावली.

मागच्या अंगणात मात्र खीर कोणाच्या गळ्याखाली उतरत नव्हती. विशाखा बापाला समजावत होती.

"बाबा, ढवळू नका. दोन दिवस तसंच राहू द्या, गाळ तळाशी बसंन, वरचं पाणी नितळ होईन."

"दोन दिवस कुठून आणू? पुनव आज आहे."

"मंग दोन दिवसांनी उतरतील आबाजी."

मार्तंडनं तिच्याकडं पाहिलं. डॉक्टर बाजूला घेऊन काय म्हणाले ते त्यानं घरात कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आताही सांगितलं नाही. "पाच वाजता," तो म्हणाला. "आज पाच वाजता. माणसं बोलावली आहेत."

"असंच उतरवलं तं? जंगच आहे ना?" बळीराम बोलला. सकाळपासून पहिल्यांदा.

"मोठेबाबा, इतक्या पावडरीत डोळे जातील त्यांचे. बाबांचे पाय पाहा."

मार्तंडचे पाय मांड्यांपर्यंत लालबुंद झाले होते, खाजवून खाजवून. तुळसाबाई बळीरामजवळ येऊन म्हणाली, "दादा, तू आपल्या मनाले लावून घेऊ नोको. तुही पावडर, माही जीभ. दोघंबी सारखेच." आणि मार्तंडला हे ऐकून भडकायला झालं. जणू तोच एकटा दुसऱ्या बाजूला होता, टाकं बांधणारा!

दोन वाजता लाईन गेली. मे महिन्यात नागपुरात दुपारी लाईन जाणं म्हणजे जेवणानंतर सुपारी इतकं ठरलेलं. कूलर थांबले. पंगत उठली, माणसं ओसरीत पेपरनं वारा घेत पडली. नत्थूजींना डोळा लागला होता.

साडेतीनला विशाखा त्यांना उठवायला गेली तेव्हा ते जागे होते. कुशीवर वळून स्टुलाकडं पाहत होते. तिनंही पाहिलं.

गिलासातलं पाणी पिवळं झालं होतं. फार नाही. उसाच्या पातळ रसाइतकं. आणि तळाशी तांबूस कण बसले होते, बारीक, रवाळ.

विशाखाला एका क्षणात सगळं कळलं, आणि आपण काय करून बसलो तेही कळलं. हवा! हवेनंही तेच होतं, फक्त हळू. पावडर जे क्षणात करते ते हवा सात-आठ तासांत करते. रूळ काय पावडर टाकून गंजतात? प्रॅक्टिकलला सर दर वेळी ओरडतात, तुलनेला एक तसाच ठेवा, काहीच न केलेला. तिनं दोनच भरले. न बोट लावलेला, न पावडर टाकलेला, असा तिसरा गिलास तिनं ठेवलाच नव्हता.

"आबाजी, हे आपोआप होते. हवेनं. हात नसता लावला तरी झालं असतं."

"हाव," नत्थूजी म्हणाले.

"खरंच! लोखंड आहे ना त्यात, हवा लागली का... मी सकाळी सांगायले विसरली. सांगते ना मी तुम्हाले, कोणाच्याही गिलासात झालं असतं!"

"असंन वं बाई. तू शिकलेली आहेस. तू म्हनते तं असंनच." ते तिची समजूत काढत होते. हेच तिला सहन होईना. सकाळचा तो आवाज आता त्यांच्यात कुठंच नव्हता.

"थांबा. तिसरा गिलास आणते. तुमच्यासमोर ठेवते, कोणी हात लावायचा नाही, संध्याकाळपर्यंत पाहू."

ती धावत मोटरीकडं गेली, खटका दाबला, आणि मग आठवलं. लाईन नव्हती. नळाला पाणी होतं, पण ते कॉर्पोरेशनचं. तिनं स्वयंपाकघरात येऊन मनकर्णेला विचारलं, "आई, बोअरचं पाणी आहे कुठं? बादलीत, गुंडात, कुठंबी? पावडर न पडलेलं... म्हणजे सकाळचं?"

मनकर्णा भांडी विसळत होती. "मी ते पाणी घरात घेणंच बंद केलं, भात पिवळा निघाला त्या दिवसापासून. काहून?"

विशाखा ओट्याला टेकून उभी राहिली. तिचं रडू तिलाच ऐकू येत होतं आणि थांबत नव्हतं. मनकर्णेनं हात पुसले, तिला जवळ घेतलं, काय झालं ते विचारलं, आणि ऐकता ऐकता तीही रडायला लागली.

आणि नेमकं तेव्हाच बाहेर मार्तंडनं ठरवलं.

"उपसा!" तो म्हणाला. "आख्खं पाणी काढून टाकू. मोटर चालत नाही तं हातानं काढू. तीस माणसं आहेत, घ्या बादल्या. पाचपर्यंत टाकं कोरडं करू, टाइल घासू, लाईन आली का ताजं भरू. रात्री अकरा वाजोत नाही तं बारा, पण आजच्या पुनवेतच बाबा उतरतील. पावडर नाही, काही नाही. दादा, तू पहिली बादली घे."

हे त्याचं माफी मागणं होतं. बळीरामला ते कळलं. त्यानं बादली घेतली, पायऱ्या उतरला, धाकट्याच्या शेजारी लाल पाण्यात उभा राहिला. तुळसाबाईनं पदर खोचला. व्याही, विहारातले दोघं, नातवंडं, सगळे रांगेत. सकाळपासून भांडत असलेलं घर पहिल्यांदा एका कामाला लागलं. बादली बुडायची, भरायची, हातोहात वर जायची, आणि नालीत ओतली जायची. धप्प. मग दुसरी. धप्प. लाईन नसल्यामुळं पंखा नाही, कूलर नाही, सारं घर शांत, आणि तो आवाज थेट बाजेपर्यंत.

विशाखानं तो आवाज स्वयंपाकघरात ऐकला. आधी तिला वाटलं कोणी अंगण धुतंय. मग ती ताठ झाली.

"आई, ते काय करून राहिले?"

ती मागच्या दाराकडं पळाली. पण नत्थूजी तिच्या आधी तिथं पोचले होते. चौकटीला धरून उभे होते, नव्या धोतरात, अनवाणी. पुढं त्यांचे दोन्ही मुलगे, लेक, व्याही, नातवंडं, सगळं गोत रांग लावून पाणी उपसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते ओळखीचं काही पाहत असल्यासारखे पाहत होते.

"बाबा!" मार्तंड घामानं निथळत, हसून म्हणाला. "झोप झाली? पाहा, कसे लागले सारे! एक-दीड घंटा, बस."

बादली बळीरामच्या हातात होती. त्यानं बापाकडं पाहिलं. मग बापाच्या मागं उभ्या विशाखाकडं, तिच्या चेहऱ्याकडं. आणि तीस वर्षं जी गोष्ट तो पंगतीत सांगत आला होता, ती त्याच्या हातातल्या बादलीत होती. त्याचा हात खाली आला.

"मार्तंड," तो म्हणाला. "थांब."

"काहून थांबू?"

"थांब म्हनतो ना!"

पण रांगेत वरच्या टोकाला कोणाला ऐकू गेलं नाही. दोन बादल्या अजून ओतल्या गेल्या.

नत्थूजींनी घसा साफ केला. त्यांचा आवाज शांत होता, कामाला लागलेल्या पोरांना विचारावं तसा.

"किती दिवस उपसान गा?"

"दिवस कायले, बाबा? पाच वाजेपर्यंत..."

"तिले सात दिवस लागले होते," नत्थूजी म्हणाले, आणि आत जाऊन बाजेवर भिंतीकडं तोंड करून निजले.